मधली बांधी

"पापा, फिर वही अंकल का फोन है," अनुश्रीनं आतल्या खोलीतून ओरडून सांगितलं, आणि प्रल्हाद देवतळ्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"सांग, पापा बाजारात गेले म्हणून."

"पर आप तो यहीं बैठे हो!"

"सांग म्हटलं ना तुले!"

मुलीनं फोनवर खोटं सांगितलं. कॉलेजात जाणाऱ्या पोरीला आपण खोटं बोलायला लावलं, याची प्रल्हादरावांना लाज वाटली नाही असं नाही. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. त्यांच्या पत्नी कुमुदताई स्वयंपाकघराच्या दारातून हे सारं पाहत होत्या. नवऱ्यापुढचा निवलेला चहा उचलून पुन्हा गरम करायला घेऊन गेल्या.

देवतळे मूळचे भंडाऱ्याकडचे. प्रल्हादरावांचे वडील रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि ब्राह्मणपाऱ्यात घर करून इथलेच झाले. उमेदीच्या काळात त्यांनी आरंगच्या बाजूला, कोसमखुंटा नावाच्या गावात, थोडी धानाची शेती घेऊन ठेवली. टिकऱ्याचा उंचवटा वरती, नाला खाली, आणि मध्ये ही बांध घातलेली भाताची बांधी. वडील गेले, शेती प्रल्हादरावांच्या नावावर आली. स्वतः ते सरकारी कचेरीत बाबू. चिखलात पाय कधी घातला नाही. शेत कसायचा भैय्यालाल, अधियानं, म्हणजे पिकेल ते निम्मं त्याचं, निम्मं मालकाचं. दिवाळी झाली की भैय्यालाल तांदळाची पोती घेऊन यायचा, ओसरीवर बसून चहा प्यायचा आणि शेवटच्या बसनं परत जायचा. कित्येक वर्षं हे असं सुरळीत चाललं होतं.

मग रायपूर राजधानी झालं. नवे रस्ते, नव्या इमारती, नवी कार्यालयं. ज्या माळावर कोणी शेळ्या चारायला जात नव्हतं, तिथे मोटारीतून माणसं उतरून जमिनीची चौकशी करू लागली. तेव्हापासून प्रल्हादरावांच्या मनाला घोर लागला. आपली जमीन कोणी घेतली तर? जो कसतो तोच उद्या मालक होऊन बसला तर? भैय्यालालनं बांधावर आंब्याचं रोप लावलं, त्यांनी ते उपटायला लावलं. राखणीसाठी मातीची झोपडी घालू का, म्हणून त्यानं विचारलं, तर म्हणाले, "कायमचं असं काही करायचं नाही तिथं." भैय्यालाल "हव बाबू" म्हणाला आणि उन्हातान्हात उघड्यावर राखण करत राहिला.

आपल्यापैकी कितीजणांची अशी जमीन गावाकडे आहे! आपण शहरात राहतो, दुसरा कोणी ती कसतो, आणि आपण फक्त भीत राहतो. प्रल्हादरावांना हसण्याआधी प्रत्येकानं आपापल्या मनात डोकावून पाहावं.

तर, ज्याचा फोन प्रल्हादराव टाळत होते तो होता गौतम मेश्राम. राजनांदगावचा मराठी मुलगा, शेती शिकलेला, जमीन-पाणी जपण्याच्या सरकारी योजनेवर अधिकारी म्हणून नुकताच आलेला. फोन लागेना, तेव्हा एका रविवारी तो स्वतःच ब्राह्मणपाऱ्यात येऊन उभा राहिला. आता मात्र लपायला जागा नव्हती.

"काकाजी, तुमच्या मधल्या बांधीसाठी आलो," पाणी पिऊन झाल्यावर गौतम म्हणाला. "वरच्या टिकऱ्यावरून पावसाचं सगळं पाणी धावत खाली येते अन् नाल्यात जाऊन मिळते. गावात थांबतच नाही. आम्ही वरच्या शेतांमध्ये बांध घालून राहिलो, लहान लहान डबऱ्या खोदून राहिलो. डबरी म्हणजे आपल्या भंडाऱ्याकडची बोडीच, लहान शेततळं."

"मालूम आहे मले," प्रल्हादराव म्हणाले.

"पण मुख्य खोलगट जागा तुमच्या शेतात आहे. तिथं एक मोठी डबरी झाली, तर खालच्या आठ-दहा घरांची शेती वाचते. खर्च सगळा सरकारचा. तुमचं काहीच जात नाही. फक्त मालकाची परवानगी पायजे. बाकी सगळ्यांनी दिली."

"अन् डबरी कोणाच्या नावानं होईल?"

"जमीन तुमची, तर डबरी तुमचीच. मालकी कुठंच बदलत नाही. फक्त पाणी वाटून घ्यायचं."

"आज पाणी वाटून घेतील, उद्या जमीन म्हणतील!"

गौतमनं पुष्कळ समजावलं. आपल्या गावचं उदाहरण दिलं, साहेबांना भेटवतो म्हणाला. प्रल्हादराव मान हलवत राहिले आणि शेवटी म्हणाले, "विचार करतो." त्यांच्या कचेरीत रोज कितीतरी लोकांना हे उत्तर मिळायचं. त्याचा अर्थ 'नाही' असा होतो, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

गौतमच्या मागे दार लावून घेताच कुमुदताई म्हणाल्या, "काहून अडवता हो? पोट्टा बिचारा चांगलं सांगून राहिला."

"तुले काय समजते त्यातलं? सरकारी कामात एकदा त्या भैय्यालालचं नाव कुठं लागलं, की आपण गेलो!"

"इतकी वर्षं तांदूळ आणून देते तो. एकदा तरी पोतं कमी भरलं का त्याचं?"

"तेव्हा जमिनीले भाव नव्हता."

"म्हणजे भाव जमिनीचा वाढला, अन् खोट भैय्यालालमधी आली?"

दुसऱ्या दिवशी कचेरीत प्रल्हादरावांनी शेजारच्या टेबलावरच्या यशवंतरावांपुढे मन मोकळं केलं. यशवंतराव निवृत्तीला आलेले, जगाचं सगळं आपल्याला कळतं असं मानणारे. ते खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "देवतळे, मी तुले एकच सांगतो. खड्डा खोदू देऊ नको. माझ्या साडभावाचं असंच झालं, आजपर्यंत कोर्टात फिरून राहिला. त्यापेक्षा विकून टाक. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे."

त्या साडूचं नक्की काय झालं, हे प्रल्हादरावांनी विचारलं नाही. भ्यालेल्या माणसाला पुरावा लागत नाही. त्याला सोबत लागते. ती त्यांना मिळाली. वैशाख गेला, ज्येष्ठ गेला. गौतमचे निरोप येत राहिले आणि मग थांबले. वरच्या शेतांमध्ये बांध झाले, डबऱ्या झाल्या. मधली बांधी तशीच राहिली.

एकदा गोल बाजारात बायकोसाठी लुगडं घ्यायला आलेला भैय्यालाल घरी डोकावला. ओसरीवर बसला. चहा घेतला. डबरीचा विषय त्यानं काढलाच नाही. त्याची ही चुप्पी प्रल्हादरावांना आणखीच खटकली. याच्या मनात नक्की काहीतरी आहे, असं त्यांना वाटलं. तो गेल्यावर त्यांनी यशवंतरावांच्या त्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. भादव्यात येऊन जमीन पाहतो, असं तो म्हणाला.

आषाढ-श्रावणात पाऊस बरा झाला. रोवणी वेळेवर आटोपली. पण पोळा झाला आणि आभाळ कोरडं पडलं. रोज सकाळी ढग जमत, दुपारी विरून जात. धान पोटरीत आलेलं. नेमकं याच वेळी त्याला पाणी हवं असतं. रायपूरच्या बाजारात, बसमध्ये, पानठेल्यावर, सगळीकडे माणसं मान वर करून एकच बोलत होती. प्रल्हादरावांच्या मनात मात्र दुसरंच चाललं होतं. पीक गेलं तर जमीन पाहायला येणारा माणूस नाक मुरडेल, भाव पाडेल. तो यायच्या आधी आपण एकदा जाऊन यावं, म्हणून एका सुटीच्या दिवशी ते आरंगच्या बसमध्ये बसले. "मीही येते," म्हणून कुमुदताई पिशवी घेऊन निघाल्या, आणि त्यांना नाही म्हणणं जमलं नाही.

कोसमखुंट्याला उतरून दोघं टिकऱ्याकडून खाली चालू लागले. वरची शेतं पाहून प्रल्हादरावांना बरं वाटलं. नव्या डबऱ्यांमध्ये गढूळ का होईना, पाणी होतं. धान हिरवंगार उभं होतं. पण आपल्या बांधीशी आले आणि त्यांचे पायच थांबले. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. धानाची पात पिवळी पडून गुंडाळलेली. आणि त्याखाली, नाल्यापर्यंत, सगळी शेतं तशीच. हिरव्या-पिवळ्याची सीमारेषा बरोबर त्यांच्या बांधावरून गेली होती!

"असं कसं झालं?" ते पुटपुटले.

"कसं म्हणजे?" कुमुदताई म्हणाल्या. "वरच्यांनी पाणी अडवलं. ते चांगलंच केलं. पण मधी अडवलंच नाही, तर खाली पोचणार कुठून?"

शेतात भैय्यालाल दिसेना. लांब, पिंपळाच्या पारापाशी गर्दी होती. माणसांचा चढा आवाज ऐकू येत होता. परत फिरावं, पुढची बस पकडावी, असं प्रल्हादरावांना फार वाटलं. पण कुमुदताई केव्हाच पुढे निघाल्या होत्या.

पारावर गावाची बैठक चालू होती. मधोमध सरपंच मीराबाई बसल्या होत्या, ठेंगण्या, पदर कमरेला खोचलेल्या. गौतम मेश्रामही होता. वरच्या डबऱ्यांमधलं थोडं पाणी पंप लावून खालच्या शेतांना पाळीपाळीनं द्यायचं, असं ठरत होतं. एकेकाची पाळी लागत होती. बोलणं छत्तीसगढीत होतं, पण जन्म इथं गेलेल्या प्रल्हादरावांना शब्द न् शब्द कळत होता. ते गर्दीच्या मागे, लोकांच्या पाठीआड उभे राहिले.

"भैय्यालालची पाळी?" गौतमनं विचारलं.

एक जण ताडकन उठला. "त्याला नाही! त्यानंच डबरी होऊ दिली नाही. आज त्याच्यामुळे माझी पोरं वीटभट्टीवर जायला निघाली. त्याला आमचं पाणी? नइ मिलय!"

"त्याच्या सुनेला आम्ही विहिरीवरही येऊ देत नाही," एक बाई म्हणाली. "गावाचं वाईट करणाऱ्याला गावाचं पाणी कशाला?"

प्रल्हादरावांना वाटलं, आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. यानं होऊ दिली नाही? यानं?

भैय्यालाल गर्दीच्या कडेला उकिडवा बसला होता, गुडघ्यांवर हात, नजर मातीत. मीराबाईंनी त्याला विचारलं, "तू सगळ्यांसमोर सांगितलं होतंस ना, की खड्ड्यात शेत जाईल, मला डबरी नको, म्हणून मीच बाबूंना नाही म्हणायला लावलं?"

"हव," भैय्यालाल म्हणाला.

"आता काय म्हणणं आहे तुझं?"

"काही नाही."

गौतम मेश्राम एकदम मान वर करून काहीतरी बोलणार होता. तेवढ्यात त्याची नजर गर्दीच्या मागे गेली आणि प्रल्हादरावांच्या नजरेला भिडली. खरं काय ते त्याला माहीत होतं. तो बोलला असता तर सगळं उघड झालं असतं. पण तो गप्प राहिला, नुसता पाहत राहिला. कुमुदताईही पाहत होत्या.

किती सोपं होतं गप्प राहणं! कोणी प्रल्हादरावांना ओळखलं नव्हतं. ही माणसं संतापलेली. आपण खरं बोललो तर काय करतील? अंगावर येतील? शेतात पाऊल ठेवू देतील? आणि त्याच वेळी त्यांना दिसत होतं, की ज्या माणसाला ते चोर समजत आले, तो त्यांच्या वाट्याचे शिव्याशाप खाली मान घालून झेलतो आहे.

"थांबा!" त्यांच्या तोंडून निघालं. आवाज इतका मोठा येईल असं त्यांनाही वाटलं नव्हतं. "भैय्यालालनं अडवलं नाही. मैं मना किया था। मी! शेत माझं आहे. मेश्राम साहेब माझ्या घरी आले होते, मी त्यांचा फोन उचलला नाही. त्याची काही चूक नाही!"

माणसं वळून पाहू लागली. वीटभट्टीचं बोलणारा माणूस दोन पावलं पुढे आला. कुमुदताई नवऱ्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मीराबाईंनी नुसता हात वर केला, आणि तो माणूस जागीच थांबला.

"भैय्यालाल," मीराबाई म्हणाल्या, "मग तू खोटं का बोललास?"

भैय्यालाल उठला. त्यानं प्रल्हादरावांकडे पाहिलं, मग परत खाली. "मी काही कोणावर उपकार केले नाहीत," तो म्हणाला. "मालक नाही म्हणतो असं सांगितलं असतं, तर तुम्ही सगळे रायपूरला त्यांच्या दारात गेला असता. बाबू भित्रे आहेत. घाबरून त्यांनी शेत विकून टाकलं असतं. मोटारवाल्यानं घेतलं, तर तिथं कंपाउंड झालं असतं. मग मी कुठं जाऊ? म्हणून म्हटलं, शिव्या मलाच पडू देत. शेत तर राहील!"

प्रल्हादराव पारावर येऊन बसले. जमीन जाईल, या एका भीतीनं त्यांनी भैय्यालालला छळलं होतं; आणि जमीन जाईल, याच भीतीनं भैय्यालाल गावाचा छळ सोसत होता. दोघं एकाच भीतीला धरून बसले होते, आणि एकमेकांना एक शब्द विचारला नव्हता. आणि विकायची गोष्ट खोटी तरी कुठं होती? माणूस पुढच्याच आठवड्यात येणार होता!

"मेश्राम साहेब," ते कसेबसे म्हणाले, "मले माफ करा. आता परवानगी दिली तर चालते का?"

गौतम त्यांच्याजवळ येऊन बसला. त्याच्या आवाजात राग नव्हता, पण गोडवाही नव्हता. "काकाजी, चालते. पण यंदा काही होत नाही, खोदकाम आता उन्हाळ्यातच. एक गोष्ट सांगू? सरकार पैसा देते, मशीन देते, आमच्यासारखे लोक पाठवते. पण पाणी हे एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. त्याले मालक समजत नाही. मधल्या एकानं हात आखडला, की त्याच्यानंतरचे सगळे उपाशी राहतात. योजना कचेरीत कमी अडतात. बहुतेक माणसाच्या मनात अडतात."

"मले भीती वाटत होती."

"भीती सगळ्यांनाच आहे. हे पहा, यांना नाही का?" गौतमनं समोरच्या माणसांकडे हात केला. "तुमची भीती उद्याची. यांची आजची आहे."

मीराबाईंनी निवाडा दिला. भैय्यालालला पाळी मिळेल, पण सगळ्यांत शेवटी. कारण खोटं बोलणं ते खोटंच. प्रल्हादरावांना त्या एवढंच म्हणाल्या, "खरं बोललात, ते बरं केलंत. पण तुमच्या खऱ्यानं आमचं धान हिरवं होत नाही, बाबू."

ते खरंच होतं. पंप चालला, काही बांध्या वाचल्या, काही गेल्या. भैय्यालालच्या पाळीपर्यंत डबऱ्यांमध्ये चिखल उरला होता. त्या वर्षी दिवाळीला तांदळाचं पोतं आलं नाही, आणि खालच्या आळीतली दोन घरं कुलूप लावून वीटभट्टीवर गेली. ती कुलपं प्रल्हादराव पाहून आले. कोणी त्यांना जायला सांगितलं नव्हतं. जमीन पाहायला येणाऱ्या माणसाला त्यांनी फोन करून नाही म्हटलं. "पागल झाला काय बे?" यशवंतराव म्हणाले. प्रल्हादरावांनी त्यांना एकच विचारलं, "तुमच्या साडभावाचं नक्की काय झालं होतं?" यशवंतरावांना ते नीट सांगता आलं नाही.

चैत्रात मशीन आलं. मधल्या बांधीत खोदकाम सुरू झालं, तेव्हा प्रल्हादराव रजा काढून बांधावर उभे होते. पहिला घास मातीचा निघाला आणि जमीन जाईल, ही त्यांची जुनी भीती पुन्हा उठली. माणसाचा स्वभाव एका दिवसात बदलत नाही. गौतम पाण्याच्या समितीत प्रत्येक शेताचा एक माणूस घेत होता. तो जवळ आला. "काकाजी, या शेताकडून तुमचं नाव घालू ना? मालक तुम्हीच आहात."

प्रल्हादरावांनी शेजारी उभ्या भैय्यालालकडे पाहिलं. आपल्याऐवजी याचं नाव? हेच तर त्यांना नको होतं, सरकारी कामात त्याचं नाव! भैय्यालाल हळूच दोन पावलं मागे सरकला, जणू आपला इथं काही संबंध नाही.

"भैय्यालालचं घाला," प्रल्हादराव म्हणाले. "शेत तो कसते. पाणी कधी पायजे, किती पायजे, ते त्याले समजते. मले नाही."

"बाबू..." भैय्यालाल म्हणाला आणि आणखी मागे सरकला.

"काहून मागं जाऊन राहिला? ये इकडं," प्रल्हादराव म्हणाले. त्यांनी त्याचा हात धरून त्याला गौतमसमोर उभं केलं. नाव लिहून होईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

मित्रहो, सरकारची चांगली योजना आपल्या दारात येऊन थांबली असेल, तर 'माझं काय जाईल' एवढंच विचारू नका. माझ्या नाही म्हणण्यानं कोणाचं काय जाईल, हेही विचारा. जमीन ज्याच्या नावावर असेल त्याची असू द्या. पण तिच्यावरून वाहणारं पाणी आणि तिच्यात राबणारा माणूस यांना अडवायचा हक्क कोणालाच नाही. आणि भीती वाटली, तर दाराआड बसून राहू नका. ज्याची भीती वाटते त्याच्याशी जाऊन बोला. कदाचित तोही तुमच्याइतकाच घाबरलेला असेल!